मोफत तबला वर्ग, सहा महिन्यांनंतर: शिकवणं उत्तम, पण जोडी घरी मिळत नाही

पुण्यात जनता वसाहतीच्या पायथ्याला पालिकेच्या शाळेत संध्याकाळी एक संस्था मोफत तबला शिकवते. माझी मुलगी सातवीत आहे, जूनपासून जाते. फी नाही, वही त्यांचीच, वर मुलांना खाऊ. सर मनापासून शिकवतात. ज्यांची मुलं जातात त्यांना हे माहीतच आहे.

मला बोलायचंय ते डग्ग्याबद्दल, म्हणजे तबल्याच्या जोडीतल्या डाव्या हाताच्या वाद्याबद्दल. पावसाळ्यात कातडं दमट होऊन आवाज बसला म्हणून एक डग्गा ठोकून ताणला, नंतर कडक ऊन पडलं आणि पुडी, म्हणजे वरचं मढवलेलं कातडं, फाटली. संस्थेच्या ऑफिसात विचारलं तर उत्तर एकच, “पैसे मंजूर झाले की करू.” गणपती गेले, दसरा गेला. तोवर उरलेल्या डग्ग्यांवर मुलं पाळीपाळीनं बसत होती. तासाभराच्या वर्गात एकेकाचा हात किती वेळ चालणार?

बरं, घरी सराव करावा तर जोडी कपाटात, कपाटाला कुलूप. मुलगी पिठाच्या डब्यावर वाजवायची. पण ‘ना’ हा बोल वाजवताना अनामिका शाईच्या, म्हणजे मधल्या काळ्या गोलाच्या, कडेला टेकवून तर्जनी चाटीवर, म्हणजे काठाच्या पट्टीवर, मारायची असते. डब्याला कुठली शाई आणि कुठली चाट! डाव्या हाताचं तर विचारूच नका. ‘घे’ वाजवून मनगट दाबत पुढे सरकवलं की डग्गा घुमतो, ते पत्र्यावर जमणारच नाही. चुकीचा हात बसला की मोडायला फार वेळ लागतो, हे सरच सांगतात. मग शिकवणी फुकट देऊन रियाजाची सोय नसेल तर पोराच्या पदरात अर्धंच पडतं. नवी जोडी घेणं आमच्या पगारात बसत नाही.

आणि हा नुसता हौसेचा मामला नाही. गांधर्व महाविद्यालयाच्या तीन परीक्षा पास झाल्या की दहावीला 10 गुण वाढीव मिळतात, पाच झाल्या तर 15. शिकवणी लावू न शकणाऱ्या घरांसाठी हे गुण फार मोठे आहेत. गायक विष्णु दिगंबर पलुसकरांनी 1901 साली लाहोरला हे विद्यालय काढलं ते संगीत सर्वांना शिकता यावं म्हणून, असं सरांनी पालकसभेत सांगितलं होतं. ते मला फार पटलं.

दिवाळीनंतरची भर: पुडी बदलून आली. शिवाय एक जोडी आठवडाभर पाळीनं घरी द्यायला लागले आहेत, त्यामुळे माझं मत बरंच सुधारलं. आमची पाळी आली तेव्हा मुलगी पहाटे उठून बसायची. तीनतालाच्या सोळा मात्रा आता न अडखळता म्हणते, वाजवते, दुगुनही, म्हणजे दुप्पट लयही, धरते. शेजारच्या आजींनी आवाजाची तक्रार केली नाही, उलट दार उघडं ठेव म्हणाल्या.

पण जोडी नेताना एका कागदावर सही घेतात: पुडी फाटली तर खर्च पालकांचा. कातडं कधीतरी फाटणारच, ते वापरानं झिजतं. या एका ओळीला घाबरून आमच्या गल्लीतल्या दोघीतिघींनी जोडी नेलीच नाही. संस्थेनं ती ओळ काढावी, मी आणखी पालकांना घेऊन अर्ज देणार आहे.

मी सहकारनगरात ज्या घरी कामाला जाते तिथे माळ्यावर तबल्याची जोडी पडून आहे, मुलगा शिकायला बाहेर गेलाय. अशी जोडी कुणाकडे असेल तर जवळच्या वर्गाला द्या. पुडी फाटकी असली तरी चालेल, तबल्याचं लाकडी खोड आणि डग्ग्याचं भांडं शाबूत असलं की नवी पुडी चढवता येते.