अर्धा गुडघा बदलून १४ महिने: एमआरआयमधली ती ओळ आणि माझं लिगामेंट

एमआरआयचा रिपोर्ट हातात आला त्या रात्री मला झोप लागली नाही. एसीएल (गुडघ्याच्या आत हाडांना बांधून ठेवणारी दोरी, म्हणजे लिगामेंट) जाड झालंय, सिग्नल वाढलाय, झीज किंवा अर्धवट फाटल्याची शक्यता, असं त्यात लिहिलं होतं. त्याआधी डॉक्टरांनी सांगितलं होतं की डाव्या गुडघ्याची फक्त आतली बाजू झिजली आहे, तेवढीच बदलता येईल, पण पुढचं क्रूशिएट लिगामेंट, म्हणजे एसीएल, काम करणारं हवं. मग आता काय, पूर्ण गुडघाच बदलायचा?

ज्यांच्या रिपोर्टात अशी ओळ आली आहे, त्यांच्यासाठी मुख्यतः हे लिहितेय.

डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला, बाजूला ठेवला आणि आधी पाय हातात घेतला. गुडघा थोडा वाकवून नडगी पुढे ओढली. ती जराशी सरकली आणि टक्कन अडली. "ताई, दोरी ताण घेतेय," ते म्हणाले. झिजलेल्या गुडघ्यात हे लिगामेंट एमआरआयवर अनेकदा सुजल्यासारखं, धूसर दिसतं आणि तरी आपलं काम करत असतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

मग दोन एक्स-रे. बाजूने काढलेल्या एक्स-रेत नडगीच्या हाडाचा पुढचा आणि मधला भाग झिजलेला होता, मागची कड मात्र शाबूत. एसीएल निकामी असतं तर नडगी पुढे सरकत राहून झीज मागेपर्यंत गेली असती. दुसरा स्ट्रेस एक्स-रे: गुडघा किंचित वाकवून पाय बाहेरच्या बाजूला दाबून धरतात. दुखतं, पण काही सेकंदच. त्यात आतली बंद झालेली फट उघडली आणि बाहेरच्या बाजूची कूर्चा पुरेशी जाड दिसली.

फट उघडली याचा अर्थ मला नीट समजावून सांगितला गेला, आणि तो मला फार आवडला. मागची कूर्चा टिकून असल्यामुळे गुडघा वाकतो तेव्हा आतल्या बाजूचं लिगामेंट दर वेळी त्याच्या मूळ लांबीपर्यंत ताणलं जातं, म्हणून ते आखडत नाही. म्हणजे एक दोरी शाबूत राहिली की ती दुसरीलाही सांभाळते. ऑक्सफर्डचे सर्जन जॉन गुडफेलो आणि अभियंता जॉन ओ'कॉनर यांनी १९७०च्या दशकात सरकत्या चकतीचा कृत्रिम गुडघा बनवला. एसीएल नसलेल्या गुडघ्यांत तो लवकर निकामी होतो हे त्यांच्याच रुग्णांत दिसलं, आणि तिथून ही अट आली. माझ्या गुडघ्यात त्याच प्रकारची चकती आहे.

संमतीपत्रावर मात्र दोन्ही लिहून घेतलं होतं. आत लिगामेंट तुटलेलं निघालं तर पूर्ण सांधा बदलायचा. भुलीतून जागी झाल्यावर माझा पहिला प्रश्न तोच होता. लिगामेंटचं वरचं आवरण विरलेलं होतं, बाजूच्या वाढलेल्या हाडाने घासून थोडे धागे सुटले होते, पण आकड्याने ओढल्यावर लिगामेंट ताठ राहिलं. ते वाढलेलं हाड काढून टाकलं. मी रडले.

पहिले सहा आठवडे सगळ्यांचे सारखेच जातात, त्यात फार सांगण्यासारखं नाही. फक्त गुडघा पूर्ण सरळ करण्याचा व्यायाम चुकवू नका. पुढचं मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. गुडघा चार महिने गरम राहायचा. आतल्या बाजूला, नडगीच्या वरच्या टोकाशी, सातव्या महिन्यापर्यंत ठणका होता. मी घाबरून दोनदा दाखवून आले, दोन्ही वेळा सगळं जागेवर होतं. व्रणाच्या बाहेरच्या अंगाला तळहाताएवढी जागा अजून बधिर आहे.

ऑक्सफर्ड नी स्कोअर ही गुडघ्याचं दुखणं आणि रोजची कामं यांवरची प्रश्नावली. तिच्यात १२ प्रश्न असतात, एकूण गुण ४८, जास्त गुण म्हणजे गुडघा चांगला. शस्त्रक्रियेआधी माझे १९ होते, आता ४१ आहेत. गेले ते बहुतेक गुडघे टेकण्याच्या प्रश्नात. जिना उतरताना मात्र कठड्याला हात लागत नाही. अंधारात पायरी चुकली तरी पाय आपोआप सावरतो, आणि पुढचं आणि मागचं अशी दोन्ही क्रूशिएट लिगामेंट जागेवर असल्यामुळेच हे जमतं अशी माझी खात्री आहे.

दुसरी बाजूही सांगायला हवी. वेगवेगळ्या देशांच्या सांधेबदल शस्त्रक्रियांच्या राष्ट्रीय नोंदवह्यांत अर्ध्या गुडघ्याची पुन्हा शस्त्रक्रिया पूर्ण गुडघ्यापेक्षा जास्त वेळा होते. चकती निसटू शकते, बाहेरची बाजू पुढे झिजू शकते. अर्धा आणि पूर्ण गुडघा यांची तुलना करणाऱ्या ब्रिटनमधल्या टॉपकॅट चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले, पाच वर्षांनंतर दोन्ही प्रकारच्या रुग्णांचे गुण जवळपास सारखे होते. जे सर्जन हे ऑपरेशन वारंवार करतात त्यांचे निकाल चांगले असतात, म्हणून वर्षाला किती अर्धे गुडघे करता हे मी थेट विचारलं होतं. तुम्हीही विचारा, संकोच करू नका.

आता उजवा गुडघा कुरकुरतोय. या वेळी मी एमआरआय मागितला नाही. बाजूचा एक्स-रे आणि स्ट्रेस एक्स-रे मागितले. मागची कड अजून शाबूत आहे, बाहेरची फट रुंद आहे, आणि सध्या फक्त व्यायाम चालू आहे.