पहिली वाट कोणती: स्मिताची की माधुरीची?

अभिनयात उतरू पाहणाऱ्या माझ्या भाचीपुढे पेच आहे: आधी समांतर, म्हणजे कमी खर्चाचे वास्तववादी चित्रपट करावेत, की थेट व्यावसायिक?

ओळख मिळायला लागलेला काळ पाहिला, तर जीन्सवरच साडी गुंडाळून दूरदर्शनच्या बातम्या वाचणाऱ्या स्मिता पाटील यांना १९७५ च्या ‘निशांत’नंतर दोनच वर्षांत ‘भूमिका’ मिळाली आणि तिने राष्ट्रीय पुरस्कारही आणला. माधुरी दीक्षित यांचा ‘अबोध’ १९८४ मध्ये आला आणि पडला. ‘तेजाब’ येईपर्यंत चार वर्षे लहानसहान, विसरली गेलेली कामे करावी लागली.

पैशाचा हिशेब मात्र उलटा आहे. स्मिताचा समांतर चित्रपट ‘मंथन’ गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये काढून उभा केला. अशा चित्रपटात मानधनाची अपेक्षा ती काय करणार? स्मिताही १९८२ मध्ये ‘नमक हलाल’सारख्या व्यावसायिक चित्रपटाकडे वळल्याच.

मेहनत दोन्हीकडे सारखीच. फक्त एकीकडे ती बोलीभाषेत मुरते, दुसरीकडे नृत्यात.

घरखर्चाची चिंता नसेल आणि भूमिकेची भूक असेल, तर पहिली, स्मिताची वाट घ्यावी. नृत्याची तयारी पक्की असेल आणि पडलेले चित्रपट पचवण्याची ताकद असेल, तर दुसरी. भाचीने कथकच्या चार परीक्षा दिल्या आहेत, म्हणून माझा कौल दुसरीला.