येझदीचं क्रँक आणि गिअरबॉक्सचं काम, कुपवाडच्या लेथवाल्यांकडचा अनुभव

वडिलांची १९८६ ची येझदी रोडकिंग मोटारसायकल आहे, म्हैसूरच्या आयडियल जावाची, कंपनी १९९६ लाच बंद पडली त्यामुळं जेन्युइन पार्टचा विषयच संपलाय. मागच्या वर्षी एका गॅरेजमध्ये इंजिन खोलून नवीन कनेक्टिंग रॉड किट (पिस्टन आणि क्रँकला जोडणारा दांडा) टाकून घेतलं आणि दोन महिन्यांत गाडी पांढरा धूर मारायला लागली, हँडलला झिणझिण्या, गिअरबॉक्सचं ऑइल दर आठवड्याला कमी. तिथं म्हणाले सील (शाफ्टभोवती ऑइल अडवणारी रबरी कडी) खराब आहे, बदलू. बदललं, परत तेच.

शेवटी सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या एका लेथवाल्यांकडं गेलो, पाटीसुद्धा नाही बाहेर. मिस्त्रींनी आधी क्रँक (पिस्टननं फिरणारा इंजिनचा मुख्य शाफ्ट) लेथच्या दोन टोकांमध्ये बांधून डायल (बारीक हलणं दाखवणारं सुईचं मापयंत्र) लावला आणि मला जवळ बोलावून सुई दाखवली, १२ पॉइंट हलत होती, म्हणजे ०.१२ मिमी. या इंजिनात क्रँकची दोन चाकं पिनवर नुसती दाबून बसवलेली असतात, किट टाकल्यावर ती परत एका रेषेत आणावी लागतात आणि तेच आधी कुणी केलं नव्हतं. शाफ्ट डुगडुगला की सील खाल्लं जातं, मग डाव्या बाजूनं गिअरबॉक्सचं ऑइल क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक असतो त्या कप्प्यात, ओढलं जाऊन जळतं, कितीही सील बदला. अर्धा दिवस तांब्याच्या हातोडीनं एकेक ठोका द्यायचा, परत डायल बघायचा, असं करत २ पॉइंटवर आणलं. मी तिथंच उभा होतो, खरंच बघण्यासारखं काम.

गिअरबॉक्सला गनमेटलचे बुश (शाफ्ट ज्यात फिरतो त्या धातूच्या नळ्या) नवीन काढले, दाबून बसवल्यावर बुश आतून आवळतो म्हणून भोक नेमक्या मापाला आणणारा शेवटचा रीमर बुश बसवल्यानंतरच मारला. प्रायमरी चेनची (इंजिनकडून क्लचला जाणाऱ्या चेनची) लाइन पट्टी लावून बघितली तर क्लचचं स्प्रॉकेट अर्धा मिमी बाहेर होतं, मधली पातळ चकती (शिम) सरफेस ग्राइंडरवर घासून बरोबर केलं. सिलिंडरचा ६५ मिमीचा बोअर मापून चांगला निघाला तर हात लावला नाही, उगाच काम वाढवलं नाही हे मला फार आवडलं.

आता त्रासाचं. आठ दिवस सांगितले आणि २३ लागले, कारण द्राक्षाचा सिझन होता आणि तासगावकडचे शेतकरी फवारणीच्या ब्लोअरचे शाफ्ट घेऊन रांगेत, त्यांची फवारणी थांबली तर बाग जाते, हे समजतं पण फोन तरी उचलावा. बिल तोंडीच. सील आणि बेअरिंग आपणच आणून द्यायचं.

तेव्हापासून हजारेक किलोमीटर झालेत, धूर नाही, ऑइलची पातळी जागेवर, प्लग चॉकलेटी, म्हणजे इंजिन नीट जळतंय. परवा वडील स्वतः चालवत दंडोबाच्या डोंगरावर जाऊन आले, चार वर्षांनी. जाणार असाल तर नुसता क्रँक नेऊ नका, केस, क्लच, गिअरबॉक्स सगळं एकदम न्या, त्याशिवाय चेनची लाइन बघताच येत नाही.