काळ्या मातीवरचं घर : सॉइल टेस्टिंगचा वर्षभरानंतरचा अनुभव

परभणीच्या बाहेर, जिथं अलीकडेपर्यंत कापूस आणि सोयाबीन उभं असायचं, अशा एका एनए (बिनशेती) प्लॉटवर आम्ही दुमजली घर बांधलं. राहायला येऊन एक अख्खा पावसाळा आणि एक मराठवाडी उन्हाळा झाला, म्हणून बांधकामाआधी करून घेतलेल्या सॉइल टेस्टिंगबद्दल आता लिहितो आहे. ऑगस्ट आणि मे असे दोन्ही महिने पाहिल्याशिवाय काळ्या मातीबद्दल काही ठाम बोलता येत नाही.

पैसे वसूल झाले. खर्च एकूण बांधकामाच्या एका टक्क्याच्याही आत होता आणि पायाचा सगळा विचारच त्या रिपोर्टनं बदलला. पण रिपोर्टमधली कुठली पानं कामाची, हे आम्हाला आरसीसी कन्सल्टंटनं, म्हणजे घराच्या सांगाड्याचं डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरनं, शेजारी बसून समजावलं नसतं तर तो फाइलमध्येच पडून राहिला असता.

आमच्याकडे रिपोर्ट आला की ठेकेदाराचा एकच प्रश्न असतो, "एसबीसी किती टन?" म्हणजे जमीन किती भार पेलेल. साध्या दुमजली घराचा भार फार नसतो, काळ्या मातीत तो आकडा बहुतेक वेळा घराला पुरतो. घर तडकतं ते माती फुगते आणि आकसते म्हणून. या मातीतलं माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज आपल्या थरांमध्ये पाणी ओढून घेतं आणि उन्हाळ्यात सोडून देतं. कडेची माती आधी भिजते, आधी वाळते. घराखालची मधली मागे राहते. एक कोपरा वर, एक खाली, आणि मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका तडा.

म्हणून माझ्या मते रिपोर्टमधलं सगळ्यात मोलाचं पान फ्री स्वेल इंडेक्सचं, म्हणजे माती पाण्यात किती फुगते त्याचं. चाचणी अगदी साधी आहे. चाळलेली कोरडी माती दहा-दहा ग्रॅम घेऊन शंभर मिलिलिटरच्या दोन नळ्यांत टाकतात, एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. चोवीस तासांनंतर दोन्ही आकारमानांतल्या फरकाची टक्केवारी काढतात. भारतीय मानकानुसार 50 च्या आत असेल तर फुगण्याचं प्रमाण कमी, 100 च्या वर गेलं तर जास्त. आमच्या मातीचं 100 च्या बरंच वर निघालं. तो आकडा पाहिल्यावर "पाच फूट खोदू, सोलिंग, पीसीसी आणि फुटिंग" हा नेहमीच्या उथळ पायाचा विषयच संपला.

मातीचे नमुने काढायला बोअर मारताना मी साइटवर थांबलो, तुम्हीही थांबा. जमीन किती टणक आहे ते पाहणाऱ्या एसपीटी नावाच्या चाचणीत साडेत्रेसष्ट किलोचा हॅमर 75 सेंटीमीटरवरून सोडतात आणि नमुन्याची नळी 45 सेंटीमीटर आत जायला किती ठोके लागतात ते मोजतात. पहिल्या 15 सेंटीमीटरचे ठोके सोडून द्यायचे, उरलेल्या 30 चे धरायचे. आमचं काम ऐन उन्हाळ्यात झालं, वरची माती विटेसारखी कडक, त्यामुळे ठोके भरपूर आले. "बघा साहेब, किती टणक जमीन आहे," असं ठेकेदार आनंदानं म्हणाला. तीच जमीन ऑगस्टमध्ये बुटाला किलोकिलोनं चिकटते! कन्सल्टंटनं वरच्या थराचे ठोके बाजूला ठेवले आणि मातीतल्या ओलाव्याचा तक्ता मागितला, ते योग्यच झालं.

दुसरा फायदा बोअर एकापेक्षा जास्त घेतल्याचा. रस्त्याच्या बाजूला काळी माती नऊ फुटांवर संपली, मागच्या बाजूला तेरा. त्याखाली चुनखडीचे खडे असलेली पिवळसर माती, मग मुरूम. तेवढ्याशा प्लॉटमध्ये चार फुटांचा फरक! मधोमध एकच बोअर मारला असता तर तो कळला नसता.

शेवटी अंडर-रीम्ड पाइल ठरले, म्हणजे जमिनीत खोल ओतलेले, खाली बल्बसारखा फुगवटा असलेले काँक्रीटचे खांब. रुरकीच्या सीबीआरआय या इमारत संशोधन संस्थेनं आपल्याकडे ही पद्धत काळ्या मातीसाठी रुजवली. खोल काळ्या मातीत असा पाइल निदान साडेतीन मीटर, म्हणजे साडेअकरा फूट हवाच, कारण ऋतूप्रमाणे हलणारी माती वरच्या भागात असते आणि बल्ब त्याखाली जायला हवा. प्लिंथ बीमच्या, म्हणजे जोत्यावरच्या आडव्या तुळयांच्या, खाली मुद्दाम रिकामी फट ठेवली, माती फुगली तरी बीमला उचलू नये म्हणून. जोत्यातली काळी माती काढून मुरूम थराथरानं दाबून भरला. हे वगळू नका, कारण कॉलम जागेवर राहूनही हॉलच्या फरश्या मध्येच वर आलेल्या मी आमच्याच भागात पाहिल्या आहेत.

आता परिस्थिती अशी. मे महिन्यात अंगणात हात जाईल एवढ्या भेगा पडल्या. घराभोवतीचं काँक्रीटचं पेव्हिंग भिंतीपासून बोटभर सुटलं आणि पावसात पुन्हा टेकलं. कंपाउंडची भिंत आम्ही ठरवून उथळ पायावर, सांधे सोडून बांधली होती. ती सांध्यांत उघडझाप करते आणि पावसाळ्यात गेटची कडी जोर लावल्याशिवाय बसत नाही. घरात मात्र सगळी दारं-खिडक्या दोन्ही ऋतूंत नीट लागतात. वीटकाम आणि कॉलमच्या सांध्यावर प्लास्टरला उभ्या बारीक रेषा आल्या आहेत, पण त्या वर्षभर तेवढ्याच आहेत. मातीमुळे आलेला तडा बहुधा तिरका असतो आणि ऋतूप्रमाणे कमी-जास्त होतो. मी पेन्सिलीनं टोकांवर खुणा करून ठेवल्या आहेत.

तक्रारीही आहेत. सॉइल टेस्टिंगच्या एजन्सीनं कुठला थर किती खोल हे सगळं "जमिनीपासून" मोजून दिलं, पण जमीन म्हणजे कुठली? नंतर प्लॉटवर भराव पडला आणि तेरा फूट कुठून मोजायचे यावर वाद झाला. रस्त्यावरच्या पुलाच्या स्लॅबसारखी एखादी पक्की खूण धरूनच पातळ्या लिहून घ्या. रिपोर्टचा एक परिच्छेद उघडच दुसऱ्या कुठल्यातरी साइटचा होता, त्यात नदीकाठची वाळू होती. आणि पाइलसाठी खड्डे घेताना रिपोर्टप्रमाणेच थर लागतायत का ते पाहायला त्यांचा माणूस आला नाही. ही भेट आधीच दरात लिहून घ्यायला हवी.

रिपोर्टमध्ये शोषखड्ड्याबद्दल आणि झाडांबद्दल एक ओळही नव्हती. ते कन्सल्टंटनं सांगितलं: शोषखड्डा आणि मोठी झाडं पायापासून लांब, छताचं पाणी पाइपनं थेट बाहेर. समोरच्या प्लॉटवाल्या काकांनी परवा आमचा रिपोर्ट मागितला, त्यावरूनच पाया धरायचा म्हणाले. मी रिपोर्ट दिला, पण आमच्याच जागेतला नऊ आणि तेरा फुटांचा फरकही दाखवला. त्यांनी आता स्वतःचे दोन बोअर सांगितले आहेत.