ए-नंबर टाकून केस बघण्याची अमेरिकी सेवा: सुनावणीसाठी उत्तम, अपिलासाठी अपुरी

अमेरिकेच्या इमिग्रेशन कोर्टांची ही ऑनलाइन केस-माहिती सेवा फुकट आहे, लॉगिन लागत नाही. ए-नंबर (परदेशी व्यक्तीला अमेरिकी सरकारने दिलेला नोंदणी क्रमांक) टाकायचा, राष्ट्रीयत्व निवडायचं, झालं. नंबर आठच आकडी असेल तर पुढे शून्य लावून नऊ करा, नाहीतर गाडी तिथेच अडते. ‘केस सापडली नाही’ असं आलं म्हणून पेढे वाटू नका. सरकारने हद्दपारीची केस सुरू करणारी नोटीस कोर्टात अजून दाखल केली नसेल, इतकंच. अधूनमधून परत बघायचं.

पुढची सुनावणी, कोर्टाचा पत्ता, न्यायाधीशाचा निकाल, अपील बोर्डाकडची (न्यायाधीशाच्या निकालावरचं अपील ऐकणारं मंडळ) स्थिती, सगळं एका पानावर येतं. सुनावणीच्या तारखेसाठी पाचपैकी साडेचार.

अपिलाच्या मुदतीसाठी मात्र हे पान पुरेसं नाही. त्यासाठी निकालाचा कागद हातात घ्या. त्यावर अपील ‘रिझर्व्ह्ड’ (हक्क राखला) की ‘वेव्ह्ड’ (हक्क सोडला) अशी खूण असते आणि अपिलाची शेवटची तारीख लिहिलेली असते. वर्षानुवर्षे लोक 30 दिवस धरत आले, पण नियम बदलतात. कागदावरची तारीखच खरी. त्या तारखेपर्यंत अर्ज बोर्डाकडे पोचायला हवा. पोस्टाचा शिक्का कामाला येत नाही.

‘वेव्ह्ड’वर खूण झाली की पुढची वाट जवळपास बंद. इमिग्रेशन कायद्याच्या 1252(डी)(1) कलमानुसार, हक्काने मिळणारे प्रशासकीय उपाय, म्हणजे बोर्डाकडचं अपील वगैरे, संपवल्याशिवाय फेडरल कोर्ट हद्दपारीच्या आदेशाकडे बघत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये सांतोस-झकारिया खटल्यात ही अट कोर्टाच्या अधिकारक्षेत्राची नाही, म्हणजे कोर्टाने ती स्वतःहून लावलीच पाहिजे असं नाही, असं ठरवलं, आणि बोर्डाकडे फेरविचार मागायची सक्तीही काढली. त्यावरून ‘बोर्डाकडे गेलो नाही तरी चालतं’ असा अर्थ काढणं महागात पडेल. सरकारी वकिलाने आक्षेप घेतला की अट लागतेच.

ती मुद्द्यागणिकही लागते. ईओआयआर-26 या अपिलाच्या फॉर्मच्या कारणांच्या रकान्यात ‘निकाल चुकीचा आहे’ एवढंच लिहिणं म्हणजे पायावर धोंडा. न्यायाधीशाने कुठला पुरावा डावलला, कायद्याचा कुठला भाग चुकीचा लावला, ते नेमकं लिहा; बोर्डापुढे न मांडलेला मुद्दा वरच्या कोर्टात सहसा ऐकला जात नाही. लेखी युक्तिवाद देणार अशी खूण करून तो दिलाच नाही, तर अपील सरसकट निकाली निघू शकतं. अपिलाची फी 2025 मध्ये 110 डॉलरवरून एकदम 900 च्या पुढे गेली. परवडत नसेल तर 26-ए फॉर्मवर माफी मागता येते.

बोर्डाचा निर्णय पानावर दिसला की वेगळं घड्याळ सुरू होतं: निर्णयाच्या तारखेपासून 30 दिवसांत सर्किट कोर्टात (त्या भागाचं फेडरल अपील कोर्ट) याचिका. न्यायाधीशाने केस जिथे पूर्ण केली तिथलं सर्किट धरायचं. न्यू जर्सीतल्या न्यूअर्कच्या कोर्टातली केस, म्हणजे एडिसनकडच्या बऱ्याच मराठी घरांची, थर्ड सर्किटकडे जाते. बोर्डाकडे फेरविचाराचा किंवा केस पुन्हा उघडण्याचा अर्ज टाकल्याने हे 30 दिवस थांबत नाहीत, ही सगळ्यात नेहमीची चूक. शिवाय याचिकेने हद्दपारी आपोआप टळत नाही. स्थगितीचा अर्ज वेगळा करावा लागतो.

घर बदललं तर या पानावर पत्ता बदलला असं होत नाही. ईओआयआर-33 फॉर्म 5 दिवसांत भरा, आणि केस बोर्डाकडे असेल तर बोर्डासाठीचा वेगळा 33 आहे, तो.