33,590 रुपयांची सात भांडी आणि माझं विज्ञान

आकडा आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढे तो लहान करून सांगायचा मोह होणार नाही. 33,590 रुपये. त्यातले 8,000 त्याच दिवशी यूपीआयने दिले, 25,000 चं मोबाइलवर कर्ज काढलं आणि त्या कर्जाचं प्रक्रिया शुल्क 590. शिवाय घरातली जुनी भांडी गेली, त्यांचा हिशेब पुढे येईलच. एवढं मोजून मी सात स्टीलची भांडी घेतली, वर एक इंडक्शन शेगडी 'फुकट'. आणि मी 27 वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय. ज्यांना हसायचंय त्यांनी इथेच हसून घ्यावं.

सुरुवात कशी झाली हे तुम्ही ओळखलंच असेल. 19 जानेवारी 2025, रविवार, नाशिकला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये संक्रांतीचं हळदीकुंकू. या वर्षी वाण एका भांड्यांच्या कंपनीने 'प्रायोजित' केलं होतं, म्हणजे चहाची एक गाळणी आणि सोबत भरायचं कूपन. नाव, मोबाइल नंबर, घरात माणसं किती, गॅस की इंडक्शन. तिळगूळ हातात असताना नाही कोण म्हणतं? चौथ्या दिवशी फोन आला की तुमचा नंबर लागला, बक्षीस घरी येऊन देऊ, फक्त साहेब घरी असताना. हे 'साहेब घरी असताना' का, तर नंतर 'यांना विचारून सांगते' म्हणायची वाट उरत नाही. आता कळतंय.

25 तारखेला शनिवारी दोघं आले. एक मुलगा तिशीतला, टाय लावलेला, दुसरा नुसता खोकी उचलणारा. फोनवर मी 'मॅडम' होते, घरात आल्यावर 'काकू' झाले आणि पैसे घ्यायच्या वेळी 'आई'. दुसऱ्या दिवशी तक्रारीला फोन केला तेव्हा परत 'मॅडम'.

त्याने आमच्या ओट्यावर पाण्याचा थेंब न घालता बटाटे शिजवले, तेलाशिवाय भाजी केली, गॅसवरच केक केला. केक बरा झाला होता, खोटं का बोला. जाड बुडाचं, घट्ट झाकणाचं कुठलंही पातेलं मंद आचेवर हे सगळं करतं. माझी आई वाळूच्या तव्यावर नानकटाई करायची, तिने त्याचे कुणाकडून याच्यासारखे 42,000 मागितले नाहीत.

मग त्याने माझं हिंडालियमचं, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं, पातेलं मागितलं. त्यात पाणी, त्याच्या भांड्यात पाणी. बॅगेतून पांढऱ्या पुडीतली पावडर काढून दोन्हींत दोन-दोन चमचे टाकली. 'खायचा सोडा आहे काकू, आपण रोज खातो तोच.' दोन्ही उकळली. माझ्या पातेल्यातलं पाणी गढूळ, करडं, कडे काळवंडलेले. त्याच्या भांड्यात तळ दिसत होता. 'आता एकेक चमचा चाखून बघा.' माझ्या पातेल्यातलं तोंडात घेतलं आणि थुंकले. 'हे विष रोज साहेबांच्या पोटात जातंय.'

इथे. इथे मला थांबायला हवं होतं. मी त्या क्षणावर इतक्या रात्री घालवल्यात की तो मुलगा, ती पुडी, ओट्यावरचा चमचा, सगळं डोळ्यांपुढे स्थिर आहे. दहावीच्या वर्गात फळ्यावर मी स्वतः लिहीत आले: ॲल्युमिनियम ऑक्साइड उभयधर्मी आहे, आम्लाशीही अभिक्रिया करतं आणि आम्लारीशीही. खायचा सोडा उकळला की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मागे उरतो धुण्याचा सोडा. धुण्याच्या सोड्याच्या कडकडीत पाण्यात ॲल्युमिनियमचं भांडं ठेवलं तर दुसरं काय होणार? प्रयोग खोटा नव्हता हो, हीच त्यातली मेख. निष्कर्ष खोटा होता. दोन चमचे सोडा घालून वरण कोण शिजवतं? छोल्यांना चिमूटभर घालतो आपण, तेवढंच. चिंच-आमसुलाची आमटी ॲल्युमिनियमच्या भांड्यात ठेवू नये हे खरंच आहे, ते आपल्या आज्यांनाही ठाऊक होतं. पण त्यासाठी घरातलं सगळं भांडं मोडीत काढायचं?

मग गप्प का राहिले? माझी बाजूही ऐका. सासूबाई शेवटची चार वर्षं कुणालाच ओळखत नव्हत्या. मला 'बाई, तुम्ही कोण' विचारायच्या. चहा पिता पिता हे मीच त्या मुलाला सांगितलं होतं, आणि त्याने ते खिशात ठेवलं. पाणी थुंकून मी चूळ भरत होते तेव्हा हळूच म्हणाला, 'आजींचं जे झालं ना काकू, ते याच भांड्यांमुळे.' ॲल्युमिनियमच्या भांड्यांनी स्मृतिभ्रंश होतो हे सिद्ध झालेलं नाही, हे मी वाचलेलं होतं. पण ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी ह्यांच्याकडे, आणि शिकलेलं सगळं वाफ होऊन गेलं.

दुसरी खूण तर त्याहून ढळढळीत होती. पुढच्या दहा मिनिटांत त्याने लोहचुंबक काढून भांड्याला लावून दाखवलं: 'बघा, चिकटत नाही, अस्सल सर्जिकल स्टील, 316, ट्रायप्लाय.' आणि त्याच दमात बक्षीस म्हणून इंडक्शन शेगडी टेबलावर ठेवली. अहो, ज्या बुडाला चुंबक चिकटत नाही ते भांडं इंडक्शनवर तापतच नाही! आणि ट्रायप्लाय म्हणजे तरी काय? दोन स्टीलच्या थरांमध्ये ॲल्युमिनियमचा थर. इंडक्शनवर चालणाऱ्या ट्रायप्लायच्या बाहेरच्या थराला चुंबक चिकटायलाच हवं. म्हणजे ॲल्युमिनियम विष आहे असं अर्धा तास सांगून तो मला ॲल्युमिनियम भरलेली भांडी विकत होता, आणि प्रत्यक्षात तेही त्यात नव्हतं. शेगडी रात्री लावली. टूं टूं वाजून बंद.

भाव असा फिरवला. 'छापील किंमत' म्हणून तोंडी सांगितले 42,000, नंबर लागला म्हणून 7,500 कमी, राहिले 34,500. जुनी भांडी मोडीत दिली तर आणखी 1,500 वजा. पाच लिटरचा कुकर, एक कढई, हिंडालियमची दोन पातेली आणि सासूबाईंचं पितळी पातेलं. पितळेची कल्हई उडालीय, ते तर सर्वांत वाईट म्हणाला. मिक्सरवरही डोळा होता त्याचा, पण मिक्सर मी सोडला नाही. तेवढी अक्कल शाबूत होती. ह्यांच्या फोनवर त्यानेच कर्जाचं ॲप टाकलं, ओटीपी त्यानेच वाचला, 2,500 चे दहा हप्ते.

सोमवारी मी सेट घेऊन भांडी बाजारात गेले. घरापासून रिक्षाने वीस मिनिटांवर अख्खा भांडी बाजार असताना मी ओट्यावर बसून खरेदी केली, याचा संताप वेगळाच. ओळखीच्या दुकानदाराने टिचकी मारली, तागडीत टाकलं, झाकणांसकट 6 किलो 400 ग्रॅम. 'एकेरी पत्रा आहे ताई, तीन थर कुठले. असा सेट मी सात-साडेसात हजारांत देईन.' स्टील निदान 304 प्रतीचं तरी आहे का विचारलं तर म्हणाला, चुंबकाने ते कळत नाही, 202 लाही चिकटत नाही. बरोबर आहे. 304 मध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल, म्हणूनच त्याला 18/8 म्हणतात. 202 मध्ये निकेल कमी करून मँगनीज घालतात, आणि चुंबक दोन्हींकडे ढुंकून बघत नाही. मग पितळेच्या मोडीचा भाव विचारला. 450 रुपये किलो. आमचं पातेलं 3 किलो 200 ग्रॅमचं, म्हणजे 1,440 रुपये. म्हणजे त्या 1,500 मधले कुकर, कढई आणि दोन पातेल्यांचे मिळून मला 60 रुपये मिळाले.

खोक्यावर 'आयएसओ' असं मोठ्या अक्षरांत होतं आणि मी ते घाईत आयएसआय समजले. आयएसओ हे कंपनीच्या कारभाराच्या पद्धतीचं प्रमाणपत्र असतं, भांड्याचं नाही. आयएसआय असेल तर त्याखाली सीएम/एल नंबर असतो आणि तो बीआयएस केअर ॲपवर घालून बघता येतो. दिलेल्या कुकरवर तो होता, घेतलेल्या कशावरच नाही. खोक्यावर छापील किंमत नाही, उत्पादकाचा पत्ता नाही, 'आजीवन वॉरंटी' मात्र सोनेरी. पावतीवर 'एस्टिमेट' लिहिलंय. जीएसटी नंबर आहे, 27 ने सुरू होतो, महाराष्ट्राचा वाटतो. पंधरा आकडी-अक्षरी असतो तो. मी घरी मोजला. चौदा.

आता तक्रारीची यात्रा. पोलीस चौकीत हवालदार म्हणाले, 'वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली? महाग घेतली म्हणून गुन्हा होत नाही.' मी म्हटलं, खोटं सांगून विकलं, चारशे वीस होतं. तर, 'चारशे वीस आता राहिलं नाही मॅडम, नव्या कायद्यात 318 झालंय.' एवढी दुरुस्ती तत्परतेने केली, अर्ज मात्र 'साहेब आल्यावर बघू' म्हणून कोपऱ्यात ठेवला. पोच मागितली तर शिक्का साहेबांच्या कपाटात. तीन खेपांनंतर शिक्का मिळाला, अर्ज तिथेच. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर मुलगी गोड बोलली, नंबर दिला, आणि 21 दिवसांनी मेसेज आला की कंपनीकडून उत्तर न आल्याने तक्रार बंद करण्यात येत आहे. समोरचा गप्प बसला म्हणून माझी तक्रार बंद! वजनमापे कार्यालयात छापील किंमत नसल्याचं दाखवायला गेले, तर 'खोकं तुम्ही फोडलंत, आता काय पंचनामा करणार?' भांडी न काढता खोकं जपून ठेवायचं होतं मी? कर्जाच्या ॲपवाल्यांनी सांगितलं की माल खराब असेल तर विक्रेत्याशी बोला, हप्ता चुकवलात तर दंड लागेल. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, आम्ही फक्त हॉल भाड्याने दिला. किती भाड्याने, हे विचारल्यावर विषय बदलला.

जिल्हा ग्राहक आयोगाकडे ई-जागृती या सरकारी संकेतस्थळावर अर्ज करता येतो, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. हे सगळं चांगलंच आहे. पण विरुद्ध पक्षाचा पत्ता लागतो. पावतीवरच्या ठाण्याच्या गाळ्यावर रजिस्टर पत्र पाठवलं, ते 'सदर पत्त्यावर नाही' असा शेरा घेऊन परत आलं. यूपीआय ज्याच्या खात्यात गेलं ते कंपनीचं नाही, कुणा एका माणसाचं आहे. त्याच दिवशी दिसलं होतं मला ते नाव, पण 'आमचे अकाउंटंट आहेत' म्हणाला आणि मी बटण दाबलं.

घरी येऊन विकणाऱ्यांसाठी डिसेंबर 2021 पासून थेट विक्रीचे नियम आहेत. ओळखपत्र हवं, आधी वेळ घेतलेली हवी. ओळखपत्र मागा, फोटो काढा. माल हवा असेल तर उद्या दुकानात येऊन घेते म्हणा, दुकान नसलं की तिथेच उत्तर मिळतं. कुणाला आपल्या फोनवर ॲप टाकू देऊ नका. आणि कुणी तुमच्या ओट्यावर पांढरी पुडी सोडली, तर त्याला म्हणा की हीच पावडर न घालता वरण लाव आणि मग चाखायला दे.

अजून तीन हप्ते बाकी आहेत. भांडी वापरते मी, टाकून काय देऊ? भात लागतो त्यात खाली.

एक विनंती आहे. ते पितळी पातेलं सासूबाईंनी लग्नात आणलेलं. गळ्याखाली त्यांचं माहेरचं नाव टोचून घातलंय आणि पुढे 'वैशाख 1961'. भांडी बाजारातल्या मोडवाल्यांना मी सांगून ठेवलंय, पण माल आता कुठेही गेला असेल, मुंबईला, पुण्याला, कुठेही. मोडीच्या ढिगात असं पातेलं दिसलं तर उलटंपालटं करून वैशाख 1961 आहे का एवढं बघा. जो भाव असेल तो मी देईन.