गोडोलीचं बिनपाटीचं गॅरेज : आधी तपासतात, मग खोलतात

पाटी नाही, बोर्ड नाही. साताऱ्यात गोडोली तळ्याकडून आत वळलं की पंक्चरवाल्याला लागून पत्र्याचं शेड दिसतं. बाहेर कायम पाच-सहा स्प्लेंडर उभ्या असतात, तेच हे गॅरेज. पाचातले चार तारे देते. एक का कापला तेही सांगते, पण आधी काम.

माझी गाडी 2014 ची स्प्लेंडर, एमएच 11 पासिंग, सेकंड हॅण्ड घेतलेली. मी गायी-म्हशींच्या कृत्रिम रेतनाचं काम करते. मागच्या कॅरिअरला गोठवलेलं वीर्य ठेवायचा द्रव नायट्रोजनचा कॅन बांधायचा आणि परळी, सज्जनगड, ठोसेघर असं फिरायचं. गाय सकाळी माजावर दिसली की संध्याकाळपर्यंत पोचावंच लागतं. तो माज हुकला तर शेतकऱ्याचे पुढचे एकवीस दिवस फुकट, आणि बोलणी मला. त्यामुळं गाडी चढाला खेचेना म्हटल्यावर थांबून चालणार नव्हतं.

सपाटीला काही कळायचं नाही. सज्जनगडाच्या चढाला तिसऱ्या गिअरवर मूठ पिळली की इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी मात्र तेवढ्याच वेगानं रांगायची. स्प्लेंडरला आरपीएमचा काटा नसतो, सगळा भरवसा कानावर. त्यात किकही मधूनच सटकायला लागलेली. शहरातल्या एका वर्कशॉपमध्ये गाडीला हातही न लावता निकाल मिळाला : क्लच प्लेटा (इंजिनचा जोर चाकाकडं पोचवणाऱ्या चकत्या) गेल्या, इंजिन उतरवायचंच आहे तर बोअरपण (म्हणजे झिजलेला सिलिंडर घासून नवा पिस्टन) करून घ्या, साडेसहा हजार होतील. एका दूध संकलनवाल्यानं मला तिथून गोडोलीला पिटाळलं.

इथल्या मिस्त्रींना सगळे मामा म्हणतात. मामांनी आधी पाना हातात घेतलाच नाही. चावी बंद ठेवून, गाडी न्यूट्रलला घेऊन, किक हातानं हळूहळू दाबली. एका जागी हात अडला. मामा म्हणाले, "हे बघा ताई, कॉम्प्रेशन लागलं, म्हणजे सिलिंडरातली हवा दाबली जातेय. बोअरला काही झालेलं नाही, तो चांगला अडवतोय." मग अंगाचा भार टाकला. किक खाली गेली, पण आत इंजिन फिरल्याचा आवाजच नाही. "किकचा दाता गेला असता तर खटखट वाजलं असतं. हे गुमान सरकतंय. क्लचच."

स्प्लेंडरची किक क्लचमधूनच इंजिनला जाते. म्हणून तर ही गाडी गिअरमध्ये क्लच दाबून किकनं चालू होत नाही, न्यूट्रलच करावी लागते. तेव्हा किक अशी गुपचूप सरकली तर क्लचवर संशय घ्यायचा. दोन मिनिटांचं काम, फुकट, आणि माझा बोअरचा खर्च तिथंच वाचला.

त्यानंतर गाडी मेन स्टॅण्डवर घेऊन मागचं चाक फिरवून पाहिलं. ब्रेक घासत असला तरी गाडी जड ओढते आणि लोक क्लचला शिव्या घालतात, असं त्यांचं म्हणणं. चाक मोकळं होतं. मग क्लचची लिव्हर. तिच्या टोकाला 10 ते 20 मिलिमीटर मोकळी हालचाल हवी, ह्यालाच प्ले म्हणतात. माझ्या लिव्हरला तो शून्य. प्लेट झिजत जाते तसा प्ले आपोआप कमी होतो, आणि तो कुणी वेळेवर सोडला नाही तर वायर कायम ताणलेली राहते. म्हणजे लिव्हर सोडली तरी क्लच आत अर्धवट दाबलेलाच. प्लेटा घसरतात, तापतात, आणखी झिजतात, प्ले आणखी कमी. मामांनी खालचा नट सोडून प्ले दिला आणि म्हणाले, "जा, चढावरनं एक चक्कर मारून या." फरक पडला होता, पण पूर्ण मूठ पिळली की परत तेच.

तिसरा प्रश्न ऑइलचा. जुन्या मालकानं गाडीसोबत अर्धा डबा ऑइल दिलं होतं, आणि गाडीतही तेच भरून दिलंय म्हणून सांगितलं होतं. तो डबा मी घेऊनच गेले होते. मामांनी डब्याची मागची बाजू वाचली. जासो एमबी. जासो म्हणजे दुचाकीच्या ऑइलचं जपानी मानक, आणि एमबी हे स्कूटरचं ऑइल. स्कूटरचा क्लच कोरडा, ऑइलच्या बाहेर असतो, त्यामुळं तिथं ऑइल जितकं निसरडं तितकं चांगलं. मोटरसायकलच्या क्लच प्लेटा इंजिन ऑइलमध्येच बुडालेल्या असतात, त्यांना पकड हवी, म्हणून डब्यावर एमए किंवा एमए-टू लिहिलेलं पाहिजे. एकट्या ऑइलनं इतकं झालं नसतं, पण आधीच झिजलेल्या प्लेटांना तेवढं निमित्त पुरलं.

मगच उजवं कव्हर खोललं. इंजिन उतरवलं नाही, क्लचसाठी ते लागतही नाही. प्लेटा वर्तमानपत्रावर एका ओळीत मांडल्या. लोखंडी प्लेटा ठिकठिकाणी निळ्या पडलेल्या, म्हणजे तापलेल्या. अस्तराच्या प्लेटा गुळगुळीत, आरशासारख्या चकचकीत, आणि जळका वास. नवी प्लेट शेजारी ठेवून दोन्ही व्हर्नियरमध्ये (जाडी मोजायच्या पट्टीत) धरून मला दाखवल्या. लोखंडी प्लेट जुन्या आरशाच्या काचेवर ठेवून बोटानं टोकाला दाबली, तर ती डुगडुगली. वाकलेली. स्प्रिंगा नव्या स्प्रिंगेजवळ उभ्या केल्या, सगळ्या बुटक्या. हाऊसिंगच्या, म्हणजे प्लेटा ज्यात बसतात त्या डब्याच्या, कडांवर खाचा फार नव्हत्या, बारीक कानस फिरवून भागलं. कव्हर उघडंच होतं म्हणून आतला फिरता ऑइल फिल्टरही खोलला. त्यात काळा गाळ डिंकासारखा बसलेला. तो काढायचं त्यांना सांगावं लागलं नाही.

नव्या प्लेटा थेट बसवल्या नाहीत. चांगल्या ऑइलमध्ये बुडवून ठेवल्या आणि चहा मागवला. कोरड्या बसवल्या तर पहिल्याच चढाला करपतात म्हणे. कव्हरचं पॅकिंग नवंच टाकलं. जुनं ब्लेडनं खरवडून काढताना मात्र मामा जे पुटपुटत होते ते इथं लिहिण्यासारखं नाही.

खर्च : अस्तराच्या प्लेटा, लोखंडी प्लेटा आणि स्प्रिंगांचा सेट 780, पॅकिंग 60, ऑइल 400, क्लच वायर 140, मजुरी 450. एकूण 1830. जुने पार्ट पिशवीत घालून हातात दिले. जास्तीचे पैसे न घेता चेन कव्हरचं रबरी बूच काढून चेनचा ढिलेपणा बघितला, ती ओढून दिली, एअर फिल्टर झटकला. ऑइल कसं मोजायचं तेही दाखवलं : गाडी सपाट जागी मेन स्टॅण्डवर, ऑइलच्या झाकणाची काडी पुसायची, झाकणाचे आटे न फिरवता नुसती आत टेकवायची आणि काढून बघायची. माझ्या ओळखीतले निम्मे लोक काडी पूर्ण आवळून मोजतात आणि ऑइल भरपूर आहे म्हणून खूश असतात.

घाटाला गाडी आता मुठीला लगेच प्रतिसाद देते. कॅन बांधून ठोसेघरला जाऊन आले, किकही एकदा सटकली नाही. दोन बोटं क्लचवर ठेवून चालवायची सवय सोडा, हे मात्र दर भेटीला ऐकावं लागतं.

आता तो कापलेला तारा. मामा फोन उचलत नाहीत. "चार वाजता घेऊन जा" म्हणाले म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी, हे समजूनच जायचं. त्या संध्याकाळी मला दोन कॉल दुसऱ्या कामगाराकडं द्यावे लागले. बसायला एक उलटी बादली आहे. हिशेब कॅलेंडरच्या फाटक्या पानावर लिहून मिळतो, ऑफिसात लावायला पक्कं बिल हवं असेल तर इथं येऊ नका. 2020 नंतरच्या, कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन असलेल्या गाड्यांचं इंजिनाचं काम ते घेत नाहीत, सरळ दुसरीकडं पाठवतात. मला तो प्रामाणिकपणा वाटला, पण लांबून येणाऱ्यानं आधीच माहीत करून घ्यावं.

सोमवारी बंद. सकाळी नऊच्या आत गेलात तर नंबर लागतो, नंतर दूधवाल्यांच्या गाड्यांची रांग असते. ऑइलचा डबा स्वतःचा नेलात तरी मामांची हरकत नसते, फक्त मागची बाजू वाचून न्या.